सिजेसची सफर: समुद्रकाठच्या एलजीबीटीक्यू शहरात जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

स्पेनमधील बार्सिलोनाच्या नैऋत्येला सुमारे 35 किलोमीटरवर, गाराफच्या डोंगररांगा आणि भूमध्य समुद्र यांच्यामध्ये सिजेस हे छोटेसे शहर वसलेले आहे. युरोपातील समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी प्रवाशांच्या आवडत्या ठिकाणांत त्याचे नाव गेली कित्येक दशके घेतले जाते. मात्र बहुतेक लोक ‘तिथे पार्ट्या असतात’ एवढ्याच माहितीवर तिथे पोहोचतात, चुकीच्या आठवड्यात पोहोचतात आणि निम्मे शहर न पाहताच परततात. सिजेसची रात्र समजून घ्यायची असेल, तर आधी त्याचा दिवस आणि त्याचा इतिहास समजून घ्यावा लागतो, असे माझे ठाम मत आहे. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे.

पहिली पायरी: तिकिटाआधी आठवडा निवडावा

या शहरात हॉटेल, उड्डाण आणि खर्च या साऱ्यांपेक्षा तारीख महत्त्वाची असते, कारण तारखेनुसार शहराचा स्वभावच बदलतो.

फेब्रुवारीच्या आसपास येणारा कार्निव्हल, म्हणजे वेशांतराचा आणि मिरवणुकांचा उत्सव, हा माझ्या दृष्टीने इथला सर्वांत अर्थपूर्ण काळ आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीत स्पेनमध्ये कार्निव्हलवर बंदी होती. त्यामुळे बंदी उठल्यानंतर पुरुषांनी स्त्रीवेश करून रस्त्यावर उतरणे, चेहरे रंगवणे आणि सत्तेची खुली थट्टा करणे यांना निव्वळ करमणुकीपलीकडचा अर्थ होता. उत्सवाची सुरुवात गुरुवारी कार्निव्हलच्या राजाच्या आगमनाने होते. रविवारी रात्री ‘रुआ दे ला दिस्बाउशा’ ही बेबंद आनंदाची मिरवणूक निघते, मंगळवारी रात्री ‘रुआ दे लेक्सतेर्मिनी’ ही अखेरची मोठी मिरवणूक निघते आणि बुधवारी सार्डिन माशाच्या लुटुपुटूच्या अंत्ययात्रेने उत्सव संपतो. या मिरवणुकांत स्थानिक मंडळांचे सजवलेले रथ, शाळकरी मुलांचे पालक, पिसांचे मुकुट घातलेले नर्तक आणि ड्रॅग म्हणजे भडक स्त्रीवेशात सादरीकरण करणारे कलाकार एकाच रस्त्यावरून जातात. कुटुंबे आणि क्वीअर (म्हणजे एलजीबीटीक्यू) माणसे एकमेकांत इतकी मिसळून गेलेली असतात की उत्सव नेमका कोणाचा, हा प्रश्नच उरत नाही. ज्यांनी घरी किंवा कार्यालयात आपली ओळख अजून सांगितलेली नाही, त्यांच्यासाठी हा काळ विशेष सोयीचा आहे, कारण इथे मुखवटा घालून फिरणारा माणूस कोणालाही वेगळा वाटत नाही. थंडीची तयारी मात्र असावी. दिवसा तापमान 13 ते 14 अंशांच्या घरात असते आणि रात्री समुद्रावरून बोचरा वारा येतो.

‘प्राइड’ हा एलजीबीटीक्यू समुदायाचा अभिमानाचा उत्सव इथे 2010 पासून होतो आणि तो सहसा जूनमध्ये असतो. समुद्राला लागून असलेल्या रस्त्यावर मंच आणि दुकाने उभी राहतात आणि रविवारी मिरवणूक निघते. बेअर समुदायाचा म्हणजे दाढीधारी, धिप्पाड अंगाच्या पुरुषांचा आठवडा सप्टेंबरमध्ये असतो. समुद्राचे पाणी तेव्हाही उबदार असते आणि ऑगस्टची गर्दी ओसरू लागलेली असते. ज्यांना आपल्या शरीराबद्दल संकोच वाटतो आणि समुद्रकिनाऱ्याच्या जाहिरातींतील देह पाहून जे बिचकतात, त्यांनी पहिल्या भेटीसाठी हाच आठवडा निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ऑगस्टच्या 23 आणि 24 तारखांना ग्रामदैवत संत बार्तोमेउचा उत्सव असतो. त्यात शोभेचे दारूकाम, अवाढव्य पुतळ्यांचे नाच आणि माणसांचे मनोरे असतात. आपल्या गोविंदांच्या थरांची सवय असलेल्या नजरेलाही ते मनोरे थक्क करतात. ऑक्टोबरमध्ये 1968 पासून चालत आलेला विज्ञानकथा व भयपटांचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. तो एलजीबीटीक्यू महोत्सव नाही, पण त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, म्हणून त्याच्या तारखा आधीच पाहून ठेवाव्यात. केवळ शांतता आणि किनारा हवा असेल, तर मे किंवा सप्टेंबरचा शेवट उत्तम.

दुसरी पायरी: कागदपत्रे आणि प्रवास

भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो करावाच लागतो. उन्हाळ्यात अर्जाच्या भेटीच्या वेळा भरलेल्या असतात, त्यामुळे दोन ते तीन महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे ठरते. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. जोडीने जाणाऱ्यांनी दोन स्वतंत्र अर्ज करावेत आणि प्रत्येकाने आपापली आर्थिक कागदपत्रे जोडावीत. दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी एकाच पलंगाची खोली घेतली, तर स्पेनमध्ये कोणी भुवई उंचावत नाही. मुक्कामाच्या कागदावर खोटी माहिती देण्याचे काहीच कारण नाही.

पारलिंगी प्रवाशांनी विमानाच्या तिकिटावरील नाव आणि लिंग पासपोर्टशी तंतोतंत जुळते की नाही, हे तिकीट काढतानाच तपासावे. आताचे रूप आणि पासपोर्टवरील छायाचित्र यांत फरक पडला असेल, तर डॉक्टरांचे इंग्रजी पत्र जवळ असणे उपयोगी पडते. हार्मोनची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. सुरक्षा तपासणीत अंगझडतीची वेळ आली, तर ती बंद खोलीत व्हावी अशी मागणी करता येते.

बार्सिलोनाच्या विमानतळावरून सिजेसला थेट बस आहे आणि सामान असताना तीच सर्वांत सोयीची. रेल्वेने जायचे असल्यास टर्मिनल 2 च्या स्थानकावरून गाडी घेऊन एल प्रात दे योब्रेगात येथे उतरावे आणि तिथून दक्षिणेकडे जाणारी ‘आर2 सूद’ गाडी पकडावी. टर्मिनल 1 वर उतरलेल्यांना विनाशुल्क शटल बसने टर्मिनल 2 गाठता येते. बार्सिलोना शहरातून येणाऱ्यांना हीच ‘आर2 सूद’ सांत्स किंवा पासेच दे ग्रासिया या स्थानकांवर मिळते आणि प्रवासाला साधारण 35 ते 40 मिनिटे लागतात. शहरी मेट्रोसाठी घेतलेला एका झोनचा पास सिजेसपर्यंत चालत नाही, हे लक्षात ठेवावे. डाव्या बाजूची खिडकी मिळाली तर उत्तम, कारण गाराफच्या बोगद्यांमधून गाडी बाहेर पडली की कड्याखालचा समुद्र अचानक समोर येतो. या मार्गावर उशीर आणि दुरुस्तीची कामे नवी नाहीत. परतीच्या विमानाच्या दिवशी हाताशी भरपूर वेळ ठेवावा.

तिसरी पायरी: मुक्काम कुठे करावा

स्थानक आणि समुद्र यांच्यामधील जुन्या वस्तीत राहावे. संपूर्ण भाग पायी फिरण्याजोगा आहे आणि रात्री उशिरा परतताना वाहन शोधावे लागत नाही. मात्र बारच्या गल्ल्यांना लागून खोली घेतल्यास पहाटेपर्यंत झोप मिळणार नाही. तेर्रामारच्या बाजूला शांतता आहे, पण मध्यवर्ती भागापर्यंत बरेच चालावे लागते. सिजेस ज्या प्रदेशात येते त्या कॅटलोनियात 16 वर्षांवरील प्रत्येक पाहुण्याकडून प्रत्येक रात्रीचा पर्यटन कर, जास्तीत जास्त सात रात्रींपर्यंत, घेतला जातो. तो बहुधा मुक्कामाच्या ठिकाणीच वेगळा भरावा लागतो.

चौथी पायरी: पहिला दिवस इतिहासासाठी राखून ठेवावा

सिजेस हे क्वीअर शहर आपोआप झालेले नाही. एकोणिसाव्या शतकात इथले तरुण क्यूबा आणि पोर्तो रिकोला जाऊन व्यापारात पैसा मिळवून परत येत आणि गावात ऐटदार घरे बांधत. बाकार्दी रमचा संस्थापक फाकुंदो बाकार्दी मासो याचा जन्म 1814 मध्ये इथलाच. बाहेरचे जग पाहून आलेल्या या माणसांच्या गावात 1891 मध्ये चित्रकार आणि लेखक सांतियागो रुसिन्योल आला. त्याने कोळ्यांची घरे विकत घेऊन समुद्राच्या कडेवर ‘काउ फेरात’ हे घर आणि स्टुडिओ उभारला आणि 1892 ते 1899 या काळात ‘मॉडर्निस्ट’ म्हणजे कलेतील नव्या प्रवाहाचे उत्सव भरवले. नाटक, संगीत आणि चित्रकला यांतील बंडखोर मंडळी त्या निमित्ताने या मासेमारीच्या गावात जमू लागली. 1894 मध्ये त्याने एल ग्रेकोची दोन चित्रे गावातून वाजतगाजत, धार्मिक मिरवणुकीच्या थाटात, आपल्या घरी नेली. एल ग्रेको त्या काळी जवळजवळ विस्मरणात गेलेला चित्रकार होता आणि गावकरी विस्फारलेल्या डोळ्यांनी त्या पालखीकडे पाहत होते. चार वर्षांनी त्याच चित्रकाराचा पुतळा गावाने समुद्रकाठी उभारला.

त्या घराचे आता संग्रहालय झाले आहे आणि ते आवर्जून पाहावे. तळमजल्यावरच्या खोल्या गर्द निळ्या आहेत, भिंतींवर चित्रांची दाटी आहे आणि खिडकी उघडली की खाली थेट लाटा दिसतात. वरच्या उंच दालनात कुलुपे, कड्या, दिवे आणि कठडे अशा जुन्या लोखंडी वस्तूंचा प्रचंड संग्रह आहे, आणि त्यांच्यामध्ये एल ग्रेकोची मग्दालेना आणि अश्रू ढाळणारा संत पीटर आहेत. शेजारीच मारिसेल हा प्रासाद आहे. चार्ल्स डिअरिंग या अमेरिकी संग्राहकासाठी मिकेल उत्रिल्यो याने तो 1910 च्या दशकात बांधून घेतला. ही संग्रहालये सोमवारी बंद असतात.

रुसिन्योलच्या मंडळींना आजच्या अर्थाने एलजीबीटीक्यू चळवळीशी जोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण विक्षिप्त पाहुण्यांना सामावून घेण्याची सवय गावाला त्यांनीच लावली, असे मला वाटते. पुढच्या पिढ्यांतील क्वीअर माणसांना त्या सवयीचा आधार मिळाला.

हा आधारही सहजासहजी मिळाला नाही. 1954 मध्ये स्पेनच्या ‘भटके आणि गुंड’ यांच्याविरुद्धच्या कायद्यात समलिंगी माणसांचा समावेश झाला आणि 1970 मध्ये त्याची जागा ‘सामाजिक धोका’ या नावाच्या कायद्याने घेतली. समलैंगिकता त्या कायद्याच्या यादीतून काढण्याचा निर्णय डिसेंबर 1978 मध्ये झाला. त्यानंतर दोनच वर्षांत, 1980 मध्ये, सिजेसमध्ये ‘ट्रेलर’ हा समलिंगींचा डिस्को सुरू झाला. तरीही 1996 मध्ये स्थानिक पोलिसांनी समलिंगी पुरुषांच्या नोंदी ठेवल्याचे प्रकरण गाजले आणि त्या वर्षी 5 ऑक्टोबरला निषेधाचा मोर्चा निघाला. त्याच्या दशकपूर्तीला, 2006 मध्ये, समुद्रकाठच्या पदपथावर गुलाबी त्रिकोणाचे स्मारक बसवण्यात आले. नाझी छळछावण्यांत समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर हाच त्रिकोण शिवला जात असे. अनेक पर्यटक त्याच्या शेजारून आइस्क्रीम खात निघून जातात. आपण तिथे थांबावे.

पाचवी पायरी: किनारे आणि तिथले शिष्टाचार

‘बासा रोदोना’ हा शहराच्या मधोमध असलेला समलिंगी पुरुषांचा प्रसिद्ध किनारा आहे. पहिल्यांदा आलेल्याने इथूनच सुरुवात करावी, कारण खुर्च्या आणि छत्र्या भाड्याने मिळतात, जीवरक्षक असतात आणि एकट्याने बसलेल्या माणसाशी शेजारचे सहज बोलू लागतात. समोरच्या पदपथावरून आजीआजोबा नातवंडांना घेऊन फिरत असतात आणि वाळूत दोन पुरुष एकमेकांच्या पाठीला सनस्क्रीन लावत असतात. कोणालाही कोणाचे नवल वाटत नाही. या साधेपणासाठीच अनेकजण परत परत येतात.

‘बालमिन्स’ हा नग्नस्नानासाठी ओळखला जाणारा किनारा पूर्वेला, सांत सेबास्तिया किनाऱ्याच्या पलीकडे आहे. गावाच्या जुन्या कब्रस्तानाच्या भिंतीला वळसा घालून वाट जाते आणि खाली कड्यांच्या कुशीत छोट्या खाड्या दिसू लागतात. इथे स्त्रिया, पुरुष, जोडपी, सर्व प्रकारचे लोक असतात. स्त्रियांनाही इथे मोकळेपणा वाटतो. कपडे काढण्याची सक्ती नाही, पण कपडे घालून इतरांकडे टक लावून पाहत बसणे असभ्य मानले जाते. फोन पिशवीतच ठेवावा. नग्न किनाऱ्यावर छायाचित्र काढणे हा गंभीर अपमान समजला जातो आणि त्यावरून भांडणेही होतात.

‘लोम मोर्त’ हा तिसरा किनारा पश्चिमेला, तेर्रामार आणि गोल्फच्या मैदानापलीकडे, रेल्वेमार्गाच्या बाजूने बरेच चालल्यावर लागतो. समलिंगी पुरुषांच्या नग्न किनाऱ्यांत त्याची ख्याती जुनी आहे. किनारा गोट्यांचा आहे आणि सोयी अगदी तुटपुंज्या आहेत, म्हणून पाणी, टोपी आणि मजबूत चप्पल बरोबर हवी. पायवाट सोडून रुळांवर उतरू नये, कारण या मार्गावर गाड्या वेगाने जातात. किनाऱ्यामागच्या झाडीत पुरुष एकमेकांना भेटतात, हे सर्वश्रुत आहे. ते नको असेल तर मान हलवून नकार देणे पुरते आणि तो नकार पाळला जातो. आपणही इतरांचा नकार तितक्याच सहजपणे स्वीकारावा.

पोहण्याच्या कपड्यांत शहराच्या गल्ल्यांत फिरणे स्थानिकांना आवडत नाही. किनारा सोडताना अंगावर सदरा घालावा.

सहावी पायरी: रात्रीचे वेळापत्रक

इथली रात्र उशिरा सुरू होते. रात्रीचे जेवण नऊनंतर, बारमधली गर्दी अकरा-बारानंतर आणि डिस्को दोननंतर, हा उन्हाळ्यातला सर्वसाधारण क्रम आहे. दहा वाजता रिकाम्या बारमध्ये शिरून निराश होऊ नये. दुपारी झोप काढावी, कारण दोन ते पाच या वेळेत अनेक दुकानेही बंदच असतात.

समुद्राकडे उतरणारी ‘प्रिमेर दे माच’ ही गल्ली लोकांच्या तोंडी ‘पापाची गल्ली’ म्हणून ओळखली जाते. तिथे सर्व प्रकारच्या पर्यटकांची गजबज असते. समलिंगी बार मात्र आसपासच्या सांत बोनाव्हेंतुरा, बोनाइरे आणि जोआन तारिदा या रस्त्यांच्या परिसरात विखुरलेले आहेत. बार सुरू होतात आणि बंद पडतात, त्यामुळे संध्याकाळी एकदा सगळ्या गल्ल्यांतून फेरी मारणे आणि इंद्रधनुषी झेंडे पाहून ठेवणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. काही बार फक्त पुरुषांसाठी असतात आणि काहींत पेहरावाचे नियम असतात. दारावरची सूचना वाचूनच आत जावे. ड्रॅगच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसल्यास कलाकार तुमची फिरकी घेणार, हे गृहीत धरावे.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. सिजेसचे रात्रीचे विश्व प्रामुख्याने पुरुषांनी पुरुषांसाठी उभे केलेले आहे. लेस्बियन आणि पारलिंगी प्रवाशांना इथे सुरक्षित आणि सन्मानाने वावरता येते, परंतु खास त्यांच्यासाठीच्या जागा कमी आहेत. त्यांच्यासाठी कार्निव्हल, प्राइड आणि बालमिन्सचा किनारा अधिक समाधानकारक ठरतात, आणि रात्रीसाठी बार्सिलोनाचा ‘आशाम्पला’ हा भाग गाठता येतो.

सातवी पायरी: जेवण

इथले खास पक्वान्न ‘शातो’ आहे. बदाम, हेझलनट आणि वाळवलेल्या न्योरा मिरच्यांची घट्ट चटणी कडवट पानांच्या सॅलडवर घातलेली असते. शाकाहारी माणसाला ही चटणी खूप आवडेल, पण सॅलडमध्ये खारवलेला कॉड, ट्यूना आणि अँचोव्ही असतात, त्यामुळे मासे वगळून देता येतील का, हे विचारावे. टोमॅटो चोळलेला पाव म्हणजे ‘पा आम्ब तोमाकेत’ आणि निखाऱ्यावर भाजलेली वांगी-मिरच्यांची ‘एस्कालिवादा’ हे पदार्थ हमखास मिळतात. कॅटलन पद्धतीचा मनुके-पाइननट घातलेला पालक मागवताना त्यात हॅम आहे का, हे आधी खात्री करून घ्यावे.

आठवी पायरी: कायदा, आरोग्य आणि सुरक्षितता

स्पेनमध्ये समलिंगी विवाह 3 जुलै 2005 पासून कायदेशीर आहे. असा राष्ट्रव्यापी कायदा करणारा तो नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्यानंतरचा तिसरा देश होता. कॅटलोनियाने 2014 मध्ये एलजीबीटीआय व्यक्तींविरुद्धचा भेदभाव रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि 2023 च्या राष्ट्रीय कायद्याने पारलिंगी नागरिकांना स्वघोषणेवर लिंगनोंद बदलता येऊ लागली. पर्यटकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हात धरणे, चुंबन घेणे, खोली एकत्र घेणे, यांपैकी कशासाठीही घाबरण्याचे कारण नाही, आणि हॉटेल किंवा उपाहारगृहाने ओळखीमुळे सेवा नाकारली तर तक्रार करता येते. मात्र तिथे जाऊन लग्न उरकून येण्याचा बेत करू नये. दोघांपैकी किमान एकाचे स्पेनमध्ये वास्तव्य असावे लागते.

तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे. एलजीबीटीआय व्यक्तींवरील हल्ला, छळ किंवा भेदभाव यांबाबत सल्ल्यासाठी 028 ही विनामूल्य राष्ट्रीय मदतवाहिनी चोवीस तास चालते. गुन्ह्याची फिर्याद कॅटलोनियाच्या पोलिसांकडे म्हणजे ‘मोसोस’कडे द्यावी आणि विम्यासाठी तिची प्रत घ्यावी. हल्ल्यांपेक्षा चोरीचा धोका मोठा आहे. बार्सिलोनाच्या गाडीत पाकीट आणि वाळूवर पडलेली पिशवी यांची काळजी घ्यावी.

एचआयव्ही प्रतिबंधासाठी प्रेप ही औषधे घेत असाल तर पुरेशा गोळ्या भारतातूनच न्याव्यात, कारण स्पेनची सार्वजनिक सेवा ती औषधे तिथल्या रहिवाशांना देते, पर्यटकांना नाही. कंडोम कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळतात. एचआयव्हीच्या संसर्गाची शंका आली तर 72 तासांच्या आत, आणि शक्यतो पहिल्या काही तासांतच, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन पेप म्हणजे संसर्ग रोखण्यासाठी नंतर घ्यायच्या उपचारांची मागणी करावी. जवळचे मोठे रुग्णालय शेजारच्या सांत पेरे दे रिबेस येथील ‘सांत कामिल’ हे आहे. लाज बाळगू नये. तिथल्या डॉक्टरांना हा प्रश्न नवा नाही. ॲपवरून कोणाला भेटायचे असल्यास पहिली भेट बारमध्ये किंवा पदपथावर ठरवावी, खोलीचा पत्ता बरोबरच्या मित्राला कळवावा आणि आपला पेला नजरेआड होऊ देऊ नये. किनारपट्टीवरच्या पार्ट्यांत अमली पदार्थ फिरतात. दारूबरोबर जीएचबी हा गुंगी आणणारा पदार्थ घेणे जीवघेणे ठरू शकते आणि कोणी बेशुद्ध पडले तर ‘झोपू दे’ असे न म्हणता तत्काळ 112 ला फोन करावा.

छायाचित्रांबाबत शेवटची सूचना. प्राइडच्या मिरवणुकीत वृत्तपत्रांचे आणि लोकांचे कॅमेरे सर्वत्र असतात. आपली ओळख घरी उघड नसेल, तर रस्त्याच्या कडेला उभे राहण्याऐवजी गच्चीवरून किंवा मागच्या रांगेतून मिरवणूक पाहावी. आणि बरोबर असलेल्या मित्राची परवानगी न घेता त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये, विशेषतः तो पुन्हा अशा घरी परतणार असेल जिथे त्याने अजून काहीच सांगितलेले नाही.